स्मृती पुरस्कार की स्मृती निधी?

चळवळीतलं माणूस गेलं की शोकसभेतच कुणीतरी म्हणतं, 'त्यांच्या नावाने काहीतरी करायला हवं.' हे 'काहीतरी' बहुतेकदा पुरस्कारच ठरतं. दादरला हॉल, एक प्रमुख पाहुणा, शाल-श्रीफळ, मानपत्र, धनादेश, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. निधीत फोटो नाही, नुसता हिशेब.

पुरस्कार झालेल्या कामाला मिळतो आणि त्या रकमेचं काय केलं हे कुणी विचारत नाही. मुंबईतल्या जमनालाल बजाज प्रतिष्ठानाचे समाजकार्यासाठीचे पुरस्कार १९७८ पासून आहेत. असा मान मिळाला की सरकारदरबारी माणसाचं ऐकून घेतात, हे खरंच. पण गोवंडीत गल्लीतलं भांडण पोलीस ठाण्यापर्यंत जाऊ न देणारी बाई निवड समितीच्या नजरेत येणार कधी? तोवर तिचा लोकलचा पास, झेरॉक्स, बैठकीचा चहा, कोर्टाच्या तारखेला बुडालेला रोज कोण भरणार? १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईत वस्तीतला तणाव वेळीच निवळवणाऱ्या मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या. न झालेल्या दंगलीचं मानपत्र लिहिणार तरी कसं?

निधी या चालू खर्चासाठी असतो. मुद्दल बँकेत, व्याज कामाला. सामाजिक कृतज्ञता निधी कुणा एकाच्या स्मृतीचा नाही, पण रचना हीच. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले यांच्यासारख्या नटांनी नाटकाचे प्रयोग करून पैसा जमवला आणि त्याच्या व्याजातून कार्यकर्त्यांना मानधन सुरू झालं. रक्कम मोठी नव्हे, पण दरमहा. पूर्णवेळ काम करणाऱ्याच्या घरी 'दरमहा' या गोष्टीला किती किंमत असते, ते तिथली चूल सांभाळणाऱ्यांना विचारावं.

आता आकडे. समजा १० लाख जमले आणि ७ टक्के व्याज मिळालं, तर वर्षाला ७०,००० रुपये. म्हणजे महिन्याला जेमतेम ५,८००. महागाईसाठी त्यातलं थोडं मुद्दलात परत टाकलं तर आणखी कमी. एवढ्यासाठी नवा ट्रस्ट काढणं म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षी ऑडिट, विश्वस्त बदलला की बदल अर्ज. माझ्या मते लहान रक्कम ओळखीच्या, नोंदणी असलेल्या ट्रस्टकडे त्या माणसाच्या नावाने ठेवावी. मात्र देणगीच्या पत्रात 'कायम निधीसाठी' असं स्पष्ट लिहून द्यावं आणि कोणत्या कामासाठी तेही नमूद करावं. नाहीतर ती साधी देणगी धरली जाते आणि मुद्दलही खर्चून जाऊ शकतं.