ॲपमधला ‘रेडिओ’ आणि खराखुरा डान्स रेडिओ

ॲपमध्ये एखादं गाणं लागलेलं असताना बाजूचे तीन ठिपके दाबले की पर्यायांच्या यादीत ‘रेडिओ’ दिसतो. तो निवडला की त्याच धाटणीची गाणी एकामागून एक वाजू लागतात आणि थांबतच नाहीत. माझा भाचा क्लासला जाता-येता हेच ऐकतो. परवा मी डान्स रेडिओचं, म्हणजे नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत वाजवणाऱ्या स्टेशनांचं, पुढे काय होणार म्हणून काळजीने बोलत होते, तर तो म्हणाला, “अगं मावशी, त्यात काय एवढं? स्टेशन बंद झालं तर हे आहेच की. हाउस, टेक्नो, ट्रान्स, सगळं लागतं. मध्ये कुणाची बडबडही नाही.”

असं म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि तेही या संगीतावर जीव असणारेच आहेत. म्हणून दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघाव्याशा वाटल्या. इंदुरात डान्स संगीत मन लावून ऐकणारे आम्ही मोजकेच. कुणी सुदामानगरात, कुणी लोकमान्यनगरात, कुणी थेट विजयनगरच्या टोकाला. भेटलो की विषय तिथेच येतो, डान्स रेडिओ टिकेल का? आणि दर वेळी बोलणं भरकटतं, कारण निम्मे जण स्टेशनबद्दल बोलत असतात आणि निम्मे प्लेलिस्टबद्दल.

प्लेलिस्ट ही गाण्यांची यादी. ती माणसाने केलेली असो की ॲपने, तिच्यात प्रत्येक गाणं सुटं असतं. तुम्ही कोणतं गाणं शेवटपर्यंत ऐकलं, कोणतं पुढे ढकललं, तुमच्यासारखी आवड असलेल्यांनी काय ऐकलं, यावरून ॲप पुढचं गाणं ठरवतं. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की ते एकदा ऐकलं असं धरतात. साहजिकच गाणं करणारा पहिल्या अर्ध्या मिनिटात मुख्य चाल आणायला बघतो. फिल्मी गाण्याचं त्यात फारसं बिघडत नाही. डान्स संगीताच्या मात्र ते मुळावर येतं.

डान्सची रेकॉर्ड बहुधा दोन रूपांत निघते. एक तीन-साडेतीन मिनिटांचं छोटं रूप, आणि दुसरं सहा-सात मिनिटांचं, ज्याला ‘एक्स्टेंडेड मिक्स’ म्हणतात. मोठ्या रूपाच्या सुरुवातीला आणि शेवटी बराच वेळ नुसता ताल असतो. किक म्हणजे ड्रमचा जाड ठोका, हायहॅट म्हणजे झांजेची बारीक चिकचिक, फार तर टाळी. ती रेकॉर्ड एकटी ऐकली तर हा भाग रिकामा वाटेल, पण तो डीजेसाठी राखलेला असतो. हिशोब करून बघा. हाउसची लय साधारण १२० ते १२८ बीपीएम, म्हणजे मिनिटाला तेवढे ठोके. १२८ धरली, चार ठोक्यांचा एक बार धरला, तर ३२ बारांचे १२८ ठोके होतात, म्हणजे बरोबर एक मिनिट. हे एक मिनिट आधीच्या रेकॉर्डच्या शेवटच्या मिनिटावर बसवायचं असतं. डीजे दोन्हींची लय जुळवतो, बाराचा पहिला ठोका पहिल्या ठोक्यावर आणतो, नव्या रेकॉर्डचा बास, म्हणजे खालचा जाड आवाज, मिक्सरवर (दोन्हींचे आवाज कमी-जास्त करायच्या यंत्रावर) पूर्ण खाली ठेवतो, आणि नेमक्या बारावर जुनीचा बास काढून नवीचा देतो. कितीतरी वेळ दोन रेकॉर्डी मिळून तिसरंच काहीतरी वाजत असतं, जे या दोन्हींपैकी एकीतही नाही.

भाच्याला हे सांगून पटेना, म्हणून समोर बसवून ऐकवलं. त्याच्या फोनवर क्रॉसफेड, म्हणजे एक गाणं विरताना दुसरं चढवायची सोय, १२ सेकंदांवर, म्हणजे शेवटच्या टोकाला होता. १२४ लयीचं हाउस संपता संपता १३२ चं टेक्नो आत घुसलं. दोन किक एकमेकींच्या पायात पाय घालू लागल्या, दोन बास एकावर एक चढले आणि स्पीकर नुसता गुरगुरला. मग मी जतन करून ठेवलेल्या एका मिक्स शोमधला, म्हणजे डीजेने सलग जोडत वाजवलेल्या कार्यक्रमातला, एक जोड लावला आणि विचारलं, “सांग बरं, दुसरी रेकॉर्ड कुठून सुरू झाली?” त्याने मागे नेऊन नेऊन ऐकलं. बास बदलला ती जागा त्याला लगेच सापडली. खरं तर त्याच्या चाळीसेक सेकंद आधीच हायहॅटचा पोत किंचित बदलला होता. तिथपासून नवी रेकॉर्ड आत होती. “म्हणजे एवढा वेळ दोन्ही वाजत होत्या?” असं म्हणून त्याने हेडफोन मागितले आणि तो जोड पुन्हा लावला.

ख्यालगायक अमीर खाँसाहेबांच्या इंदूरला संथ उलगडणाऱ्या संगीताची ओळख नव्याने करून द्यायला नको. विलंबित झुमरा तालात सम यायला किती वेळ जातो आणि तो वेळ किती भरलेला असतो, हे इथल्या जुन्या मराठी घरांत आजोबांनी नातवंडांना मांडीवर घेऊन ऐकवलेलं आहे. मिक्स ऐकायला लागतो तो धीर आपल्याकडे आधीपासून आहे.

आता काही ॲप लयसुद्धा जुळवून देतात, हे मान्य केलं पाहिजे. जोड सफाईदार होतो, गुरगुर जाते. पण हीच रेकॉर्ड का, आणि आत्ताच का, याचं उत्तर द्यायला तिथे कुणी नसतं. रेडिओवर ते उत्तर देणारा माणूस बसलेला असतो आणि चुकलं तर नाव त्याचं जातं. डान्स संगीताचा इतिहास बघितला तर या माणसाचं वजन कळतं. १९८१ साली शिकागोच्या डब्ल्यूबीएमएक्स स्टेशनवर ‘हॉट मिक्स ५’ नावाने पाच डीजे मिक्स वाजवू लागले. तेव्हा हाउसच्या रेकॉर्डी निघायच्या होत्या. पुढे काही वर्षांनी त्या निघाल्या तेव्हा गावाचे कान तयार होते. डेट्रॉइटमध्ये जेफ मिल्स ‘द विझार्ड’ या नावाने रेडिओवर मिक्स करत असे. टेक्नोतला त्याचा दबदबा नंतरचा. लंडनला किस एफएम १९८५ मध्ये विनापरवाना सुरू झालं आणि १९९० मध्ये परवाना घेऊन पुन्हा हवेत आलं. रिन्स एफएमही तसंच, १९९४ पासून चोरून चाललेलं, परवाना मिळाला २०१० मध्ये. मधल्या काळात ग्राइम आणि डबस्टेप या नव्या संगीतप्रकारांना घर मिळालं ते या स्टेशनवर. बीबीसी रेडिओ १ ने १९९३ मध्ये ‘एसेन्शियल मिक्स’ सुरू केला, एका डीजेच्या हाती सलग दोन तास. यातल्या कुणापाशीही कोण कोणतं गाणं कुठवर ऐकतो याचे ॲपसारखे आकडे नव्हते. कुणी ऐकलेलंच नाही असं काहीतरी वाजवण्याची त्यांची तयारी होती. ॲपच्या शिफारशीला मात्र आधी कुणीतरी ऐकल्याची खूण लागते. ज्या रेकॉर्डला अजून एकही श्रोता नाही, तिला पहिला श्रोता मिळवून देणं शिफारशीला जड जातं.

आणखी एक गोष्ट प्लेलिस्टमध्ये नसते, ती म्हणजे एकच वेळ. ब्रिटनमध्ये मध्यरात्र होते तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेचार किंवा साडेपाच वाजलेले असतात, त्यांचं घड्याळ उन्हाळ्यात एक तास पुढे जातं त्याप्रमाणे. त्या वेळी घरात सगळे झोपलेले, गल्लीत दुधाची गाडी आलेली, आणि कानात जे वाजतंय तेच त्या क्षणी कितीतरी अनोळखी लोकांच्या कानात वाजतंय हे माहीत असणं, याने ऐकण्यात फरक पडतो. अशा पहाटे आमच्या ग्रुपवर “आत्ताची रेकॉर्ड कोणती?” असा मेसेज येतो आणि दोघं-तिघं एकदम टाइप करायला लागतात. प्लेलिस्ट ऐकताना हा प्रश्नच कुणी विचारत नाही. नाव समोर लिहिलेलं असतं आणि शेजारच्याच्या फोनवर दुसरंच काही चाललेलं असतं.

इथवरचं ऐकून कुणी म्हणेल, म्हणजे एफएम वाचवा. पण नेमका इथेच घोटाळा होतो. नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय एफएम प्रक्षेपण बंद केलं, स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक रेडिओने २०२४ च्या अखेरीस. अशा बातम्या आल्या की आमच्या ग्रुपवर हळहळ सुरू होते. मला त्याची तेवढी धास्ती वाटत नाही. डीआय डॉट एफएम १९९९ पासून इंटरनेटवर आहे, लंडनचं एनटीएस २०११ पासून, आपल्या दिल्लीचं बॉक्सआउट डॉट एफएम २०१७ मध्ये सुरू झालं. यांना प्रक्षेपणाचा मनोरा नाही, पण ठरलेल्या वेळी ठरलेला माणूस येऊन स्वतः निवडलेल्या रेकॉर्डी वाजवतो, तोवर तो रेडिओच. उलट एखाद्या नावाजलेल्या स्टेशनकडे मनोरा आहे, परवाना आहे, जिंगल आहे, पण आत संगणकाने लावलेली गाणी आणि आठवडाभर आधी भरून ठेवलेला निवेदकाचा आवाज असेल, तर ती जाहिराती घातलेली प्लेलिस्ट झाली. माझी काळजी आहे ती या दुसऱ्या प्रकाराची. स्टेशन बंद पडलं तर निदान कळतं, लोक पत्रं लिहितात, सह्या गोळा करतात. ते आतून प्लेलिस्ट होतं तेव्हा कुणाला पत्ताच लागत नाही. आधी रात्रीचा मिक्स शो एका तासाने कमी होतो, मग तो दुसऱ्या शहरातून यायला लागतो, मग ‘बेस्ट ऑफ’ लागतं. नाव आणि फ्रिक्वेन्सी तीच.

दुरून ऐकणाऱ्यांची म्हणून एक वेगळीच चिंता आहे. बीबीसीने २०२५ मध्ये रेडिओ ऐकायचं आपलं साउंड्स हे ॲप ब्रिटनबाहेर बंद केलं. परदेशी स्टेशनवर आपला हक्क नाही, त्यांच्या श्रोत्यांच्या पैशावर ते चालतं, हे कळतं. तरीही इंदुरातल्या श्रोत्याचं सगळं दुसऱ्याच्या दारावर अवलंबून असावं, हे मनाला लागतं.

मग आपलं का नाही? इंदुरात खासगी एफएम २००१ मध्येच आलं. देशात ते ज्या शहरांत पहिल्यांदा आलं त्यांतलं हे एक. पण परवाना लिलावातून मिळतो, कमाई जाहिरातींची, आणि जाहिरातदाराला सगळ्यांत जास्त कान हवे असतात. म्हणून स्टेशनं वाढली तरी वाजतं ते हिंदी फिल्मीच. सणावारी नॉनस्टॉप रिमिक्स लागतो, तो मला आवडतोही, पण मी म्हणते तो मिक्स शो वेगळा.

इंटरनेटवर स्वतःचं स्टेशन काढावं म्हटलं तर कायद्याची अडचण येते, आणि ती आमच्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात कलम ३१-डी आलं. त्यामुळे रेडिओ स्टेशनला ठरवून दिलेल्या दराने पैसे भरून गाणी वाजवता येतात, प्रत्येक कंपनीची मनधरणी करावी लागत नाही. पण २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की ही सवलत इंटरनेट स्ट्रीमिंगला लागू नाही. म्हणजे ज्यांच्याकडे मनोरा आणि पैसा आहे त्यांना सोपी वाट, आणि खोलीत मिक्सर घेऊन बसलेल्या पोराला हरेक गाण्याच्या कंपनीशी वेगळी बोलणी. म्हणून आपल्याकडचे बरेच डीजे मिक्सक्लाउडसारख्या ठिकाणी शो चढवतात, जिथे हक्कांचे पैसे ती सेवा भरते. त्यात ठरलेली वेळ नसते, पण माणूस असतो. माझ्या लेखी तो रेडिओच्या जवळचा आहे, प्लेलिस्टच्या नाही.

माझी आशा मात्र एका शाळेमुळे आहे. अमेरिकेत सिएटलला सी ८९.५ नावाचं स्टेशन आहे. ते नेथन हेल हायस्कूलमध्ये चालतं, तिथली मुलं रेडिओचं काम शिकतात, श्रोते वर्गणी देतात, आणि वाजतं डान्स संगीत, रीतसर एफएमवर. आपल्याकडेही सामुदायिक रेडिओचं धोरण आहे. शिक्षणसंस्थांना ते आधीपासून खुलं होतं, २००६ मध्ये सामाजिक संस्थांनाही झालं. ताकद १०० वॅटची, आवाज पोचणार काही किलोमीटर. इंदूरला तेवढंही खूप झालं. निम्मा कार्यक्रम स्थानिक असावा अशी त्याची अट आहे, आणि ही अट आपल्या फायद्याची आहे, कारण या गावात घरच्या संगणकावर ट्रॅक करणारी मुलं आहेत आणि त्यांचा ट्रॅक हवेत लावणारं कुणी नाही. एखाद्या कॉलेजने शनिवारी रात्री एक तास द्यावा. खोली, रेकॉर्डी वाजवायचे दोन डेक, एक मिक्सर, आणि आपल्या नावाने आपण निवडलेलं वाजवणारा एक मुलगा किंवा मुलगी. भाच्याला हे बोलून दाखवलं तर त्याने लगेच विचारलं, “मावशी, स्वतःचे ट्रॅक चालतील ना?” चालतील. स्वतःच्या ट्रॅकची परवानगी तर दुसऱ्या कुणाकडे मागावीच लागत नाही.