सामुदायिक स्पॅम गाळणीची पार्श्वभूमी: रेझर, पायझर आणि बंद सर्व्हरचा वाद

रेझर ही अनेकांनी मिळून केलेल्या नोंदींवरून स्पॅम, म्हणजे नको असलेला घाऊक मेल, ओळखणारी गाळणी. टर्मिनलवर एखादा मेल तिच्या ‘रेझर-चेक’ या आज्ञेकडे पाइप केला, म्हणजे सोपवला, की एरवी पडद्यावर काहीही उमटत नाही. निकाल मिळतो तो केवळ एक्झिट कोडमधून, म्हणजे आज्ञा संपताना मागे ठेवते त्या आकड्यातून: हा मेल आधीच कोणी स्पॅम म्हणून नोंदवलेला असेल तर शून्य, नसेल तर एक. नवख्याला हे उलटे वाटते, परंतु मजकुरात शब्द शोधणाऱ्या ग्रेप या आज्ञेची रीतही हीच आहे. शोधले ते सापडले, म्हणून शून्य. या मुक्या उत्तरामुळेच ही आज्ञा प्रॉकमेल या आलेला मेल वाटून देणाऱ्या प्रोग्रामच्या दोन-चार ओळींत सहज बसवता येत असे आणि त्या काळी ज्यांच्या मेलपेटीपुढे प्रॉकमेल उभा होता, त्यांच्यामार्फतच ही पद्धत पसरली.

एकाने ओळखलेला कचरा दुसऱ्याने पुन्हा चाळत बसू नये, ही कल्पना मेलच्याही आधी यूजनेट या चर्चागटांच्या जाळ्यावर रुजली होती. तेथे काही सदस्य नको असलेल्या संदेशांच्या याद्या सहीनिशी प्रसिद्ध करत आणि ज्यांचा त्या सहीवर विश्वास असे, त्यांच्या पडद्यावरून ते संदेश आपोआप गळून पडत. कोणाच्या शब्दावर विसंबायचे, हे त्यात वाचणारा स्वतः ठरवत असे. मेलसाठी रेझर 1998 मध्ये आले, तेव्हा हा निवडीचा भाग मागे पडला. सर्वांच्या नोंदी एका सामाईक साठ्यात जाऊ लागल्या. मूळ मेल सर्व्हरकडे न पाठवता त्याचा फक्त ठसा, म्हणजे मजकुराचे ठरावीक लांबीच्या आकड्यात रूपांतर करणाऱ्या शा-1 पद्धतीने काढलेला आकडा, पाठवण्याची सोय असल्यामुळे खासगीपणाचा प्रश्न बराचसा सुटला. ठशाचा दुबळेपणा मात्र लवकरच उघड झाला. मजकुरात एक निरर्थक शब्द घुसवला तरी आकडा पूर्णपणे बदलतो, हे स्पॅम पाठवणाऱ्यांनी हेरले आणि प्रत्येक प्रतीच्या शेपटाला वेगवेगळी अक्षरे जोडण्याचा सपाटा लावला.

2002 मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीने यावर दोन उपाय केले. पहिला असा, की ठसा मेलच्या कोणत्या तुकड्यावरून काढायचा हे सर्व्हर ठरवू लागला आणि तो तुकडा वेळोवेळी बदलू लागला, त्यामुळे फेरफार नेमका कुठे करावा हे पाठवणाऱ्याला आधी कळेनासे झाले. पुढे मेलमधील दुव्यांच्या डोमेनवरून ठसा काढणारी पद्धतही आली. दुसरा उपाय नोंद करणाऱ्याच्या विश्वासार्हतेचा होता. ‘रेझर-अ‍ॅडमिन’ने ओळख नोंदवल्याशिवाय ‘रेझर-रिपोर्ट’ चालेना, चुकीची नोंद मागे घेण्यासाठी ‘रेझर-रिव्होक’ होतेच आणि तुमचे म्हणणे इतरांच्या म्हणण्याशी किती जुळते यावरून तुमच्या शब्दाचे वजन ठरू लागले. हे सारे हिशेब करणारा सर्व्हर मात्र बंद राहिला. क्लायंटचा, म्हणजे वापरणाऱ्याच्या यंत्रावर चालणाऱ्या भागाचा, पर्ल भाषेतील कोड सर्वांसाठी खुला होता, परंतु त्याच्या पलीकडचे यंत्र एका व्यापारी कंपनीच्या ताब्यात होते.

या निर्णयावरून जो वाद झाला, तो आजही पुरता मिटलेला नाही. समर्थकांचे म्हणणे असे, की वजनाचे गणित उघड केले तर स्पॅम पाठवणारेच शेकडो ओळखी नोंदवून ते वाकवतील. या म्हणण्यात तथ्य आहे. ठसे काढण्याची रीत क्लायंटमध्ये कोणालाही वाचता येत होती, त्यामुळे लपवण्यासारखे जे काही उरले होते, ते विश्वासाचे गणितच होते. तरीही हा युक्तिवाद गणित झाकण्यापुरताच पुरतो. स्वतःच्या संस्थेपुरता सर्व्हर कोणालाही उभारता येऊ नये, किंवा हजारो लोकांनी फुकट पुरवलेल्या नोंदींचा साठा एकाच्याच हाती राहावा, याचे समर्थन त्यातून होत नाही. आणि नोंदी पुरवणाऱ्यांचा सल खरे तर याच गोष्टीचा होता. वापराच्या अटी कोण आणि केव्हा बदलेल, याचीही शाश्वती नव्हती. अनेक कसोट्या एकत्र लावणाऱ्या स्पॅमअसॅसिन या गाळणीच्या 2005 मधील 3.1 आवृत्तीत तर परवान्याच्या कारणावरून रेझर आणि डीसीसी ही आणखी एक सामुदायिक व्यवस्था यांची दोन्ही प्लगइने, म्हणजे जोडभाग, मूळ मांडणीत बंद ठेवण्यात आली. परवाना स्वतः वाचा आणि चालू करायचे की नाही ते ठरवा, असे प्रशासकांना सांगण्यात आले. पुढे रेझर मूळ मांडणीत परत आले, डीसीसी मात्र बाहेरच राहिले. डीसीसीचा दावा तसा मर्यादितच होता: मेल स्पॅम आहे असे ते म्हणतच नाही, तो किती जणांकडे गेला एवढेच मोजते आणि मागवून घेतलेली वार्तापत्रे वगळण्याचे काम वापरणाऱ्यावर सोपवते.

पायझर या दुसऱ्या सामुदायिक गाळणीचा जन्म या वादातूनच झाला. आरंभी ते रेझरचेच पायथनमधील रूप व्हायचे होते, परंतु सर्व्हर खुला नसल्यामुळे स्वतंत्र प्रोटोकॉल रचून सर्व्हरसह सगळे जीपीएल या खुल्या परवान्याखाली देण्याचे ठरले. त्याची ठसा काढण्याची रीत पाहण्याजोगी आहे. मेल पत्ते, दुवे, एचटीएमएलच्या खुणा आणि दहा किंवा अधिक अक्षरांचे सलग शब्द आधी काढून टाकले जातात, मोकळ्या जागा पुसल्या जातात, आठ अक्षरांहून लहान ओळी वगळल्या जातात. उरलेल्या ओळी चारपेक्षा जास्त असतील तर वीस टक्क्यांच्या आणि साठ टक्क्यांच्या टप्प्यापासून प्रत्येकी तीन ओळी घेऊन त्यांचा शा-1 काढला जातो. ‘पायझर प्रीडायजेस्ट’ ही आज्ञा दिली की चाळणीनंतर काय उरले ते समोर दिसते. एखाद्या त्रोटक मेलवर ती चालवून पाहावी: बहुतेक वेळा जवळपास काहीच उरत नाही आणि म्हणून असे निरपराध मेल एकमेकांच्या ठशात अडकतात. ‘पायझर चेक’च्या उत्तराच्या शेवटी दोन आकडे येतात, स्पॅमच्या नोंदींचा आणि पांढऱ्या यादीचा, म्हणजे निर्दोष ठरवणाऱ्या नोंदींचा; त्यांचा अर्थ लावणे वाचणाऱ्याकडे असते. नोंद करणाऱ्याच्या विश्वासार्हतेचा विचार येथे नाही, अनामिकालाही नोंदवता येते. खुलेपणासाठी मोजलेली ही किंमत पायझरच्या चाहत्यांकडून सहसा सांगितली जात नाही.

2002 च्याच ऑगस्टमध्ये शब्दांच्या संभाव्यतेवरून स्पॅम ओळखणाऱ्या बेझियन गाळणीची कल्पना गाजू लागली आणि प्रत्येकाच्या स्वतःच्या मेलवर शिकणाऱ्या त्या पद्धतीने सामुदायिक साठ्यांवरचा प्रकाशझोत काढून घेतला. मोठ्या वेबमेल सेवांनी ‘स्पॅम नोंदवा’ हे बटण दिल्यावर सामुदायिक नोंदणी खऱ्या अर्थाने सार्वत्रिक झाली, पण ती त्या-त्या सेवेच्या भिंतीआड.

स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्यांसाठी तोच धागा आरस्पॅमडी या गाळणीने पुढे नेला. त्यात मजकुराच्या तीन-तीन शब्दांच्या सलग खिडक्या घेऊन बत्तीस वेगळे आकडे काढले जातात आणि त्यांतले निम्म्याहून अधिक जुळले तरी मेल ओळखला जातो, म्हणजे पहिल्या रेझरला नडलेला एका शब्दाचा फेरफार येथे निष्प्रभ ठरतो. तिच्या ‘आरस्पॅमसी’ या आज्ञेने ठसा साठ्यात घालता येतो, साठा स्वतःच्या यंत्रावर ठेवता येतो आणि आरस्पॅमडीचा कोडही खुला आहे. नोंद कोण करू शकतो, याचे उत्तर आता कोणत्याही झाकलेल्या गणितात नसून मांडणीच्या फाइलमधील एका ओळीत असते; परवानगी असलेल्या पत्त्यांच्या त्या यादीत आरंभी फक्त स्वतःच्या यंत्राचा पत्ता लिहिलेला असतो.