हिमलोट

डोंगरउतारावर साचलेले हिम सुटून वेगाने खाली येण्याची घटना. हिमस्खलन व हिमप्रपात हे शब्दही रूढ आहेत. मात्र हिमनदीच्या कड्यासारख्या, भेगाळलेल्या भागालाही हिमप्रपात म्हणतात, म्हणून येथे हिमलोट हाच शब्द पत्करला आहे.

सुट्या हिमाचा लोट एका बिंदूपाशी सुरू होऊन खाली फाकत जातो. गिर्यारोहकांना अधिक घातक ठरतो तो लादीचा हिमलोट. त्यात वाऱ्याने घट्ट बसवलेला थर खालच्या कमकुवत थरावरून लादीसारखा सुटतो. बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर तो संभवतो. जमिनीलगतचे हिम शून्य अंशाच्या आसपास आणि पृष्ठभाग कितीतरी थंड असला, की बाष्प वर सरकते व हिमकणांचे टोकदार स्फटिक बनतात; त्यांचाच कमकुवत थर होतो. खड्डा खणून तळाचे असे हिम मुठीत धरले, तर त्याचा गोळा होत नाही. भरड साखरेसारखे ते बोटांतून ओघळते. हिमाचा थर पातळ आणि थंडी कडक असेल तेथे ही प्रक्रिया जोमाने होते. त्यामुळे लडाख-काराकोरमकडील थोडे हिम पीर पंजालच्या दाट हिमापेक्षा निर्धोक समजणे चूक आहे.

लादी नेमकी कशी सुटते, याविषयी मतभेद आहेत. कमकुवत थर उताराच्या दिशेने कातरला जातो, असे पूर्वी मानत. हा थर आधी खाली दबून कोसळतो, असा सिद्धांत २००८ मध्ये मांडला गेला. सपाटीवर पाय पडताच ‘धप्प’ असा आवाज होऊन दूरचा उतार का सुटतो, याचा उलगडा या मताने अधिक चांगला होतो. मात्र तीव्र उतारावर भेग पुढे पसरताना कातरणेच प्रभावी ठरते, असे २०२२ मधील संशोधन सुचवते. त्यामुळे दोन्ही मते परस्परपूरक मानावीत, हे बरे.

भारतात या विषयाच्या अभ्यासासाठी १९६९ मध्ये मनाली येथे संरक्षण खात्याची संस्था स्थापन झाली. २०२० मध्ये ती चंडीगढच्या नव्या संस्थेत विलीन झाली. धोका हिवाळ्यापुरता नसतो. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडातील द्रौपदी का डांडा-२ शिखरावर प्रशिक्षणार्थींचे पथक हिमलोटात सापडले. त्या वेळच्या शोधात २७ मृतदेह मिळाले, दोघे बेपत्ता होते.

सह्याद्रीत नाळ (कड्यांमधली अरुंद, चढी घळ) ही चढाईची हक्काची वाट. हिमालयात तशीच घळ हिमलोटाची वाट असू शकते, हे सह्याद्रीतून तिकडे जाणाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावे. गाडलेल्याला जिवंत काढण्याची शक्यता पहिल्या १०-१५ मिनिटांनंतर झपाट्याने घटते. शोध सोबत्यांनाच घ्यावा लागतो. त्यासाठी ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठाव लावणारे, संकेत देणारे-घेणारे रेडिओयंत्र), शोधकाठी आणि फावडे प्रत्येकाजवळ लागते.