ड्रॉइंगप्रमाणे बरोबर, तरी जॉब रिजेक्ट

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझ्या मित्राचं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिल मशीन आणि लोखंडी कपाटाशेजारी कूलंटचे डाग पडलेला जुना कॉम्प्युटर. त्यावर अजून विंडोज ७ आहे, कारण ड्रॉइंग उघडायचं त्याचं सॉफ्टवेअर पुढच्या विंडोजवर चालत नाही. फेब्रुवारी २०२३ पासून क्रोमच्या नव्या आवृत्त्या विंडोज ७ वर चालेनाशा झाल्या, तेव्हा मीच त्याला एक छोटा, स्वतंत्र ब्राउझर बसवून दिला.

परवा बेअरिंग मागवायला तो एका साइटवर गेला. आधी पाटी आली, ‘तुम्ही माणूस आहात याची खात्री करत आहोत.’ त्याने चौकोनात टिक केली, चक्र फिरलं आणि तीच पाटी पुन्हा आली. वीस मिनिटं हेच. शेवटी मला फोन केला, “भावा, हे मलाच मशीन समजालंय बघ!”

दारात पहारा बसवावा लागतो, हे मला मान्य आहे. चोरलेले पासवर्ड हजारोंनी लावून बघणारे, दुकानाचे सगळे भाव उपसून नेणारे, तिकिटं उघडताक्षणी गिळून टाकणारे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, रात्रंदिवस दार ठोठावत असतात. छोट्या दुकानदाराला त्यांच्याशी एकट्याने लढणं जमत नाही, म्हणून तो हे काम सुरक्षा कंपनीकडे सोपवतो. प्रश्न आहे तो पहारेकरी माणूस ओळखतो कसा, याचा.

सगळ्यात सोपी खूण नावाची. प्रत्येक ब्राउझर पान मागताना आपलं नाव सांगतो. पण या नावाची किंमत नव्वदच्या दशकातच गेली. तेव्हा काही साइट आपली चांगली पानं फक्त ‘मोझिला’ असं नाव सांगणाऱ्या नेटस्केपला द्यायच्या, म्हणून इंटरनेट एक्सप्लोररही स्वतःला मोझिला म्हणवू लागला. आजचा क्रोमसुद्धा सुरुवातीला मोझिला म्हणतो, मध्ये ‘लाइक गेको’, म्हणजे फायरफॉक्सच्या गेकोसारखा, म्हणतो आणि शेवटी सफारीचं नाव घेतो. विवाल्डी या ब्राउझरने डिसेंबर २०१९ मध्ये बहुतेक साइटना स्वतःचं नाव सांगणंच सोडलं आणि क्रोमचं नाव लावलं, कारण खरं नाव सांगितलं की काही साइट अडवत होत्या. एका प्रामाणिक ब्राउझरवर ही वेळ यावी, याचं मला फार वाईट वाटतं.

नावावर भरवसा उरला नाही, तेव्हा पहारेकरी हात बघू लागले. सुरक्षित जोडणी होण्याआधी ब्राउझर सर्व्हरला पहिला निरोप पाठवतो, त्याला क्लायंट हॅलो म्हणतात. मला कोणत्या सांकेतिक पद्धती येतात, कोणत्या जादा सोयी चालतात, याची ती यादी असते, आणि यादीतला क्रम प्रत्येक प्रोग्रामचा वेगळा. आखाड्यात हाताला हात लागताच समोरच्याची पकड कळते, तसं इथे होतं. २०१७ मध्ये सेल्सफोर्सच्या तीन इंजिनिअरांनी या निरोपातल्या पाच गोष्टींपासून ३२ अक्षरांचा ठसा काढायची रीत प्रसिद्ध केली. तिचं नाव जेए३. नाव क्रोमचं आणि ठसा पायथन भाषेतल्या स्क्रिप्टचा, असं दिसलं की सोंग उघडं पडतं. त्यापुढे पानातली स्क्रिप्ट आणखी तपासण्या करते. ब्राउझरला एखादं चित्र रंगवायला लावते, कोणती सोय आहे आणि कोणती नाही ते बघते.

छोटा ब्राउझर अडकतो तो इथे. वर्कशॉपमध्ये जॉब, म्हणजे घडवलेला भाग, पास होतो तो ड्रॉइंगवरच्या मापाने. वेबलाही असं ड्रॉइंग आहे, सर्वांसाठी खुली मानकं. पण हे पहारेकरी बरेचदा ड्रॉइंगऐवजी दोन-तीन मोठ्या कारखान्यांचे नमुने समोर ठेवून जॉब पारखतात. नमुन्याशी जुळला नाही की रिजेक्ट, मग माप टॉलरन्समध्ये, म्हणजे चालणाऱ्या फरकाच्या आत, का असेना. आणि नमुने कमी होत चाललेत. ऑपेराने २०१३ मध्ये स्वतःचं इंजिन, म्हणजे पान उभं करणारा ब्राउझरचा गाभा, सोडलं, मायक्रोसॉफ्टचा एज जानेवारी २०२० मध्ये क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्याच खुल्या पायावर, गेला. आता मोठी इंजिनं उरली तीन: क्रोमचं ब्लिंक, सफारीचं वेबकिट आणि फायरफॉक्सचं गेको. पेल मूनचं गोआना, लेडीबर्ड, सर्वो ही मंडळी वेगळ्या वाटेने चाललीत, म्हणून त्यांचा ठसाही वेगळा.

यावर एक उपाय आहे आणि त्याचं नाव उद्यमनगरात कुणालाही कळेल: ग्रीस! गूगलचे डेव्हिड बेंजामिन यांनी मांडलेली ही रीत २०२० मध्ये आरएफसी ८७०१ या इंटरनेटच्या माहितीपर दस्तऐवजात प्रसिद्ध झाली. क्रोम आपल्या क्लायंट हॅलोमध्ये मुद्दाम काही निरर्थक आकडे घालतो. अनोळखी काही दिसलं तर सर्व्हरने ते सोडून पुढे जावं, अडून बसू नये, ही सवय टिकावी म्हणून. सांधा हलता ठेवला नाही तर जाम होतो, हे ओळखूनच हे नाव दिलेलं आहे. पुढे २०२३ च्या सुरुवातीला क्रोम यादीचा क्रमही दर वेळी बदलू लागला आणि जेए३ चा ठसा डळमळला. मग आला जेए४. तो यादी आधी क्रमाने लावून घेतो आणि मगच ठसा काढतो.

पण ग्रीसने फक्त सांधा हलता राहतो. जॉब का नाकारला, हे कारागिराला कुणी तरी सांगावं लागतं. सुरक्षा कंपनी आपल्या सगळ्या तपासण्या उघड करू शकत नाही, कारण त्या वाचून बॉटवालेच आधी शहाणे होतील. ब्राउझर बनवणारे दोन-चार जण मात्र अंधारात चाचपडत बसतात. मला वाटतं, इथे थेट ओळख हवी. नवी आवृत्ती निघण्याआधी ती पहाऱ्यासमोर चालवून बघायची सोय हवी, आणि अडली तर ‘तुमची अमुक सोय आमच्या स्क्रिप्टला सापडत नाही’ एवढं सांगणारा माणूस पलीकडे हवा. ब्राउझरवाल्यानेही आपली वागणूक लपवू नये. २०२५ मध्ये क्लाउडफ्लेअर या सुरक्षा कंपनीने लेडीबर्डला आर्थिक मदत जाहीर केली, ते पाऊल मला मोलाचं वाटतं. याच्या उलटा रस्ताही सुचवला गेला होता. ब्राउझर खरा असल्याची ग्वाही यंत्रानेच द्यावी, असा गूगलचा २०२३ मधला प्रस्ताव. त्यात छोट्यांना ग्वाही कोण देणार, या प्रश्नावर खूप विरोध झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो मागे घेतला गेला.

मित्राला मी एकच काम सांगितलं. अडवणाऱ्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक लांब क्रमांक होता, तो टिपून घे. अशा क्रमांकावरून पलीकडच्या माणसाला ती नोंद शोधता येते. क्रमांक, वेळ आणि ब्राउझरची आवृत्ती आम्ही दुकानदाराला आणि ब्राउझर बनवणाऱ्यांना, दोघांनाही पाठवली. कागद हाताशी नव्हता, म्हणून तो क्रमांक त्याने खडूने कपाटाच्या दारावर लिहिला होता, बुशच्या मापाच्या खाली. अजून तिथेच आहे.