कुत्र्यांमधील आनुवंशिक प्रतिकारशक्ती-न्यूनता

जनुकातील दोषामुळे पिल्लाची रोगप्रतिकारयंत्रणा जन्मतःच अपुरी किंवा निकामी असते, अशा विकारांचा हा गट. कुपोषण, औषधे किंवा डिस्टेंपरसारख्या विषाणूजन्य रोगामुळे नंतर खालावलेली प्रतिकारशक्ती यात धरत नाहीत. हे विकार विरळ आहेत, पण मोजक्या पूर्वजांपासून वाढवलेल्या शुद्ध जातींत ते पुन्हा पुन्हा डोके वर काढतात. बहुतेक दोष अप्रभावी असतात, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असतील तरच विकार दिसतो, आणि जवळच्या नात्यात वीण घेतली की सदोष जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पिल्लात येण्याची शक्यता वाढते.

आजार कधी सुरू झाला, यावरून बरेच कळते. पहिल्या दिवशी प्यायलेल्या चिकातून पिल्लाला आईची प्रतिपिंडे (जंतूंना निकामी करणारी प्रथिने) मिळतात. त्यामुळे लिम्फोसाइटांचा (प्रतिपिंडे बनवणाऱ्या व प्रतिकार चालवणाऱ्या पांढऱ्या पेशींचा) दोष असलेले पिल्लूही काही आठवडे धडधाकट दिसते. ही शिदोरी संपत आली, म्हणजे साधारण ६ ते ८ आठवड्यांनी, की वाढ खुंटते, जुलाब लागतात, कान आणि त्वचा चिघळते, न्यूमोनिया होतो. प्रतिजैविक बंद करताच दुखणे उलटते. न्यूट्रोफिलांच्या (जंतू गिळणाऱ्या आणि पू बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या) दोषात मात्र चिकाचे कवच फारसे कामी येत नाही आणि बेंबीच पहिल्या दिवसांत सुजू शकते.

बॅसेट हाउंड आणि कार्डिगन वेल्श कॉर्गी या जातींतील एक्स-संलग्न (एक्स गुणसूत्रावरील जनुकामुळे होणारी) तीव्र संयुक्त न्यूनता हा यातला सर्वांत घातक प्रकार. आयएल२आरजी जनुक बिघडल्याने टी-पेशी तयार होत नाहीत आणि बी-पेशी (दोन्ही लिम्फोसाइटांचेच प्रकार) असूनही नीट प्रतिपिंडे बनवत नाहीत. लसीकाग्रंथी बोटांना लागतच नाहीत आणि शवविच्छेदनात थायमस (टी-पेशी घडवणारा छातीतील अवयव) नावापुरता सापडतो. बाधित होतात ते नर, कारण त्यांच्यात एक्स गुणसूत्र एकच असते. उपचाराविना ते बहुधा ४ महिन्यांच्या आत दगावतात. अशा पिल्लाला डिस्टेंपरची जिवंत लस दिली तर लसीतल्या विषाणूनेच तो रोग होऊ शकतो, म्हणून शंका असेल तर जिवंत लस थांबवावी. जॅक रसेल टेरियरमध्ये असाच विकार वेगळ्या जनुकामुळे होतो आणि तो नर-मादी दोघांनाही होतो.

आयरिश सेटरमधील ल्युकोसाइट-आसंजन न्यूनता (पांढऱ्या पेशींना चिकटता न येणे) पाहणाऱ्याला गोंधळात टाकते. रक्तात पांढऱ्या पेशी कित्येकदा मायक्रोलिटरला १ लाखाच्या वर असतात (निरोगी कुत्र्यात साधारण ६ ते १७ हजार), हिरड्या लालबुंद, ताप चढलेला, आणि जखमेत पू जवळजवळ नाही. सीडी१८ हे प्रथिन सदोष असल्याने न्यूट्रोफिलांना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बाहेर पडता येत नाही. बॉर्डर कोलीत अडचण आणखी आधीची: तिथे न्यूट्रोफिल अस्थिमज्जेतच अडकून राहतात.

चंदेरी-करड्या कोली पिल्लांत न्यूट्रोफिलांची संख्या दर ११ ते १४ दिवसांनी घसरते आणि २ ते ४ दिवसांनी सावरते. चुकीच्या दिवशी रक्त घेतले तर अहवाल निर्दोष येतो, म्हणून किमान दोन आठवडे एक-दोन दिवसांआड मोजणी करावी लागते. कारण एपी३बी१ जनुकात असून रंगही त्याच दोषाने बदलतो. निळसर मर्ल (करड्यावर काळे डाग असलेल्या) कोलीच्या रंगाशी याची गल्लत करू नये.

जर्मन शेफर्ड आणि शार-पेई यांच्यात आढळणारी आयजीए-न्यूनता (श्वसनमार्ग व आतड्याच्या अस्तराचे रक्षण करणाऱ्या प्रतिपिंडाची कमतरता) त्यामानाने सौम्य. आयजीएची पातळी प्रौढ मापाला यायला वर्षभर किंवा अधिक लागतो, त्यामुळे ४ महिन्यांच्या पिल्लातील कमी आकड्यावरून निदान करणे चूकच. लिम्फोसाइटांचेही तसेच: पिल्लात ते प्रौढापेक्षा जास्त असतात, तेव्हा तुलना त्याच वयाच्या पिल्लांशी, शक्यतो त्याच विणीतल्या भावंडांशी करावी.

अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने काही प्रकार बरे झाले आहेत, पण ते मुख्यतः संशोधनात. मानवी उपचारांची पूर्वतयारीही याच कुत्र्यांवर झाली. घरच्या कुत्र्याच्या वाट्याला बहुधा प्रतिजैविके, स्वच्छता आणि एकांतच येतो.

खरा उपाय विणीपूर्वीच्या डीएनए चाचणीत आहे. अप्रभावी दोषात दोन वाहकांच्या (सदोष जनुकाची एकच प्रत असलेल्या, स्वतः निरोगी कुत्र्यांच्या) मिलनातून प्रत्येक पिल्लू बाधित होण्याची शक्यता २५ टक्के असते, तर वाहक आणि निर्दोष यांच्या मिलनातून बाधित पिल्लू होत नाही. म्हणून सगळे वाहक एकदम बाद करू नयेत, त्याने जातीचा जनुकसाठा आणखी आकसतो. वाहकाची निर्दोषाशी वीण घ्यावी, पिल्ले तपासावीत आणि पुढच्या पिढीसाठी निर्दोष ठेवावीत. एक्स-संलग्न दोषाला ही सवलत नाही. तिथे नर कितीही निर्दोष असला तरी वाहक मादीची सरासरी निम्मी नर पिल्ले बाधित निघतात, म्हणून त्या मादीची वीण घेऊच नये.