मोह वेचणारी पोरगी 'हाताने शिकणारी' नव्हे

अध्ययनशैली सगळ्यांना पाठ आहे: कोणी बघून शिकतं, कोणी ऐकून, कोणी हात लावून. २००८ साली मानसशास्त्रज्ञांनी त्यावरचं संशोधन तपासलं, तेव्हा शैली पाहून शिकवल्याने मूल जास्त शिकतं याला पुरेसा पुरावा सापडला नाही. तरी प्रशिक्षणात तोच तक्ता लागतो आणि वर ठळक अक्षरांत असतं, 'बहुविध बुद्धिमत्ता'. खाली बिचाऱ्या हॉवर्ड गार्डनरचं नाव. बुद्धिमत्ता एकच नसते, अनेक असतात, असं मांडणारा हा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ. त्याने स्वतः सांगितलंय, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

या बुद्धिमत्ता सात की आठ, यावर भांडू नका. आधी सात होत्या, निसर्गाची आठवी मागून आली.

घोळ होतो तो हाताशी. आमच्या भंडाऱ्याकडे उन्हाळ्याच्या तोंडाशी लेकरं पहाटेच आईमागे मोह वेचायला जातात. चार वर्षांची एक पोरगी फ्रॉकच्या ओट्यात फुलं घेऊन अंगणवाडीत आली, सतरंजीवर ओतली आणि कोणी न सांगता दोन ढीग केले. टपोरी इकडे, चिपलेली तिकडे. "हे कालचे आहेत, मॅडम." फॉर्मवर तिच्यापुढे खूण झाली, 'हाताने शिकते'. अहो, तेच हात गाण्यावर टाळी देताना दरवेळी चुकतात! हातांनी फुलं उचलली, ताजं-शिळं ओळखलं ते डोक्याने. शैली विचारते, माहिती कुठून आत गेली. बुद्धिमत्ता विचारते, आत गेल्यावर लेकराने तिचं काय केलं.

आणि गार्डनरच्या १९८३ च्या व्याख्येतच संस्कृती आहे: एखाद्या समाजात ज्याला मोल आहे, असे प्रश्न सोडवण्याची किंवा अशा गोष्टी घडवण्याची क्षमता. मोहावर घरात पैसा येतो, म्हणून त्या पोरीची पारख गावाला दिसते. उलटही होतं. भुलाबाईची गाणी पोरींची, सुरात गाणाऱ्या पोराला "तू काहून गातं बे?" ऐकावं लागतं. त्याचा गळा गावाला दिसतच नाही. अशा पोराला मी मुद्दाम पुढे बसवते.

आठ पाकळ्यांचं फूल रंगवून एकेका पाकळीत एकेक मूल चिकटवणं मला अजिबात पटत नाही. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लेकरांच्या पोळ्याला बघा: एकच पोट्टं लाकडी नंदी सजवतं, घरोघरी मिळालेला बोजारा (पैसे, खाऊ) मोजतं आणि वाटणीवरून भांडणाऱ्या दोघांना समजावतं. कोणत्या पाकळीत घालू त्याला? फॉर्मवरचा शैलीचा रकाना मी कोराच ठेवते.