तीन गिअरच्या हबवरचं तेलाचं झाकण

जुन्या इंग्लिश सायकलीच्या मागच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या, पोटात तीन गिअर असलेल्या नळकांड्यावर, मधोमध एक बारकंसं झाकण दिसतं. त्यातून तेल सोडायचं असतं. हे माहीत नसल्यामुळे कित्येक चांगले हब ‘गिअर घसरतो’ म्हणून भंगारात जातात, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

या हबची जन्मकथा सरळ नाही. इंग्लंडमधल्या सॅलफर्डच्या विल्यम रायलीने १९व्या शतकाच्या अखेरीस दोन गिअरचा हब तयार केला होता. पुढे तीन गिअरची रचना त्याला सुचली, पण आधीच्या कंपनीच्या कराराने त्याचे हात बांधलेले होते. म्हणून पेटंट निघालं ते त्याचा सहकारी जेम्स आर्चर याच्या नावावर. तीन गिअरची दुसरी एक रचना सायकल-पत्रकार हेन्री स्टर्मी याच्याकडे होती. रॅले या सायकल कंपनीचे मालक फ्रँक बोडेन यांनी दोन्ही पेटंटं हाती घेतली आणि १९०२ साली नॉटिंगहॅमला वेगळी कंपनी उभी केली. हबवर नाव कोरलं गेलं स्टर्मी-आर्चर. प्रत्यक्षात बाजारात आली ती मुख्यतः रायलीची रचना, आणि त्याचं नाव मात्र कुठेच नाही.

आज हाती येणारा जुना हब बहुधा स्टर्मी-आर्चरच्या ‘एडब्ल्यू’ मॉडेलचा असतो. तो १९३६ साली आला आणि कित्येक दशकं जवळजवळ तसाच बनत राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या हबवर बहुधा सालाचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात, त्यामुळे त्याचं वय तिथेच वाचता येतं.

आत आसावर २० दात्यांचं एक चक्र घट्ट बसलेलं असतं. त्याभोवती तेवढ्याच दात्यांची चार छोटी चक्रं फिरतात आणि त्या सगळ्यांना वेढणारं कडं ६० दात्यांचं असतं. पहिल्या गिअरला हब साखळीच्या चक्राच्या पाऊणपट वेगाने फिरतो, दुसऱ्याला बरोबरीने आणि तिसऱ्याला सव्वापटीहून थोडा जास्त, म्हणजे १.३३ पट. चढ, सपाट रस्ता आणि उतार, तिन्हींची सोय त्या मूठभर दात्यांत झाली.

हबच्या कवचाला जोर पोचवतात ते कुत्रे, म्हणजे फ्रीव्हीलमध्ये असतात तसेच खटके. त्यांना उचलून धरणाऱ्या स्प्रिंगा केसासारख्या बारीक असतात. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला पायडल मारताना जी टिकटिक ऐकू येते ती यांचीच. इथे घट्ट ग्रीस भरलं, किंवा जुनं तेल सुकून चिकट झालं, की कुत्रे वर उठत नाहीत. पायडल पोकळ जातं आणि मेकॅनिक म्हणतो, हब गेला. गेलेला नसतो, चिकटलेला असतो. म्हणूनच नॉटिंगहॅमच्या कारखान्याने पातळ तेलाची शिफारस केली आणि ते घालता यावं म्हणून कवचावर झाकण दिलं. ग्रीसची जागा दोन्ही टोकांच्या छर्‍यांपाशी, तेही बेताने.

पुढे झाकण गेलं आणि ग्रीस भरलेले हब येऊ लागले. २००० साली नॉटिंगहॅमचा धंदा आटोपला आणि स्टर्मी-आर्चर तैवानच्या सनरेस कंपनीकडे गेली.

जुन्या हबला मात्र जुनीच रीत मानवते. बरीच वर्षं पडून असेल तर आधी थोडं रॉकेल सोडून चाक फिरवावं, चिकटा सुटू द्यावा, काळं पाणी निथळू द्यावं. मग चमचाभर २० किंवा ३० ग्रेडचं इंजिन ऑइल घालावं, आणि त्यानंतर महिन्याकाठी काही थेंब. खोबरेल किंवा स्वयंपाकाचं तेल अजिबात नको, ते आत गोठतं किंवा चिकट होतं. झाकण हरवलं असेल तर आसाच्या टोकातून बाहेर येऊन केबलला जोडलेली गिअरची बारीक साखळी काढून आसाच्या पोकळीतूनही तेल आत जातं. साखळी परत बसवल्यावर केबल नीट जुळवून घ्यावी, कारण दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये एक रिकामी जागा असते. उभं राहून जोर लावताना हब तिथे सुटला तर माणूस हँडलवर आदळतो. तेल घातल्यावर एक-दोन दिवस टोकांकडून थोडं पाझरतं, तेव्हा रिमला लागलेलं पुसून घ्यावं, नाहीतर ब्रेक धरणार नाहीत.